सस्पेन्शन सुधारताना या चुका टाळा

आंबा घाट, वरंध घाट किंवा आंबोलीच्या वळणांवर गाडी बाहेरच्या बाजूला फार कलते असे वाटू लागले, की बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो आखूड आणि ताठ स्प्रिंग बसवण्याचा. गाडी खाली आली म्हणजे तिची पकड सुधारली, हा समज आपल्याकडे फार घट्ट रुजला आहे. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या गाडीची हाताळणी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. टायर रस्त्याला किती सलग टेकून राहतो ही पहिली, आणि वळताना एका बाजूकडून दुसरीकडे जाणारे वजन किती आवरून धरले जाते ही दुसरी. उंची कमी करणे हा त्यातला फार पुढचा टप्पा आहे, आणि माझ्या मते रोजच्या वापरातल्या गाडीला त्याची गरज क्वचितच पडते.

जुने दुखणे तसेच ठेवणे

साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली गाडी वळणात सैल वाटत असेल, तर दोष बहुधा स्प्रिंगमध्ये नसतोच. लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातले रबर, भेगाळलेले असतात, अँटी-रोल बारला जोडणाऱ्या लिंक रॉडचे सांधे खिळखिळे झालेले असतात, नाही तर शॉक अॅब्सॉर्बरमधले तेल झिरपून त्याच्या नळीवर धुळीचा चिकट थर बसलेला असतो. अशा गाडीत महागडे स्प्रिंग घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही पद्धत पूर्ण निकामी झालेला शॉक तेवढा दाखवते. अर्धवट थकलेला शॉक या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशपाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकासा जोर द्यावा. रबर धातूपासून सुटलेले असेल, तर आर्म पुढेमागे सरकताना डोळ्यांना दिसतो. ब्रेक दाबताच स्टिअरिंग एका बाजूला जाते त्याचे कारण अनेकदा इथेच सापडते.

टायरही याच वेळी तपासावेत. कडक झालेल्या जुन्या टायरवर कोणतेही सस्पेन्शन पकड निर्माण करू शकत नाही. हवेचा दाब टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरावा.

स्प्रिंग कापणे, बफर घालणे आणि नुसतेच आखूड स्प्रिंग बसवणे

स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली आणण्याचा उद्योग अजूनही चालतो आणि तो धोकादायक आहे. सहा कार्यरत वेटोळी असलेल्या स्प्रिंगचे एक वेटोळे कापले, की उरलेली स्प्रिंग सुमारे २० टक्के ताठ होते, पण तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यावरून अधांतरी लोंबकळले, की अशी सैल स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. वेटोळ्यांमध्ये ठोकून बसवायचे रबरी बफर याच्या उलट दिशेची चूक करतात. त्यांच्यामुळे गाडी उंच आणि ताठ वाटते खरी, परंतु मधली एक-दोन वेटोळी जखडली जाऊन ताण बाकीच्यांवर एकवटतो, आणि वाढलेल्या ताठरपणाला आवर घालण्याची ताकद जुन्या शॉकमध्ये नसते.

शॉकचे काम स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणातून जिरवण्याचे आहे. स्प्रिंग ताठ झाली आणि शॉक जुनाच राहिला, तर गाडी उंचवट्यावरून गेल्यावर एकदाच स्थिरावण्याऐवजी उसळत राहते आणि उसळताना टायरवरचा भार कमी-जास्त होतो. म्हणून खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर मूळ उंचीसाठी बनवलेले चांगले शॉक निवडावेत आणि ते नेहमी एकाच अॅक्सलवर जोडीने बदलावेत. घाटातला फरक याच एका बदलाने सर्वाधिक जाणवतो.

गाडी खाली आणण्यातला आणखी एक तोटा सहसा कोणी समजावून सांगत नाही. आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब, असतो. मूळ उंचीवर लोअर आर्म जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, की त्याचे चाकाकडचे टोक वर जाते. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. या दोहोंमधले अंतर वाढले म्हणजे कलंडवणारी तरफ लांबली, आणि ताठ स्प्रिंगने जे कमावले त्यातले बरेचसे इथे गमावले जाते. शिवाय चाकाची वर जाण्याची जागा कमी होते. वळणाच्या मध्यावर खड्डा आला आणि स्ट्रट बंप स्टॉपवर (हालचालीच्या टोकाला बसवलेल्या रबरी अडथळ्यावर) आदळला, तर ताठरपणा एका क्षणात कितीतरी पटीने वाढतो आणि पुढची चाके सरळ बाहेर घसरू लागतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. वस्त्यांमधून कसेही घातलेले अरुंद, उभट गतिरोधक पाहिले, तर १६५-१७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समधले ४० मिलिमीटर सोडून देणे परवडणारे नाही, हे वेगळे सांगायला नको.

अँटी-रोल बारची निवड

अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचा कल आवरणारा पोलादी दांडा. त्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. २० मिलिमीटरऐवजी तितक्याच लांबीचा २२ मिलिमीटरचा भरीव बार घातला, तर वाढ दहा टक्के नसून सुमारे ४६ टक्के होते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मुळातच वळणात नाक बाहेर काढते. तिला फक्त पुढे जाड बार बसवला, तर कल कमी होतो पण हा दोष वाढतो. मागे ताठरपणा वाढवल्यास नाक आत वळते, मात्र तो प्रमाणाबाहेर गेला तर पावसाळ्यातल्या ओल्या घाटात गाडीची शेपटी अचानक सुटते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळता येणारी आडवी तुळई) असलेल्या गाडीत बीमचा पीळच बारचे काम करीत असतो, याचाही हिशेब धरावा.

बसवताना होणारी चूक

ही चूक गॅरेजमध्ये सर्रास होते आणि तिचा भुर्दंड काही महिन्यांनी पडतो. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडले जाते आणि गाडी जमिनीवर आली की कायमचे पिळलेले राहते. नवे बुश लवकर फाटण्याचे हे एक ठळक कारण आहे. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी रॅम्पवर चाकांच्या आधाराने उभी करून दोनदा दाबून बसू द्यावी आणि मगच उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळावे.

काम झाल्यावर काही बिघडले वाटले तर

स्टिअरिंग वळवताना पुढून झटक्यासह आवाज येत असेल, तर एकाने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने बोटे वेटोळ्यांच्या फटीत न घालता स्प्रिंगवर बाहेरून तळहात ठेवावा. स्प्रिंग पिळत जाऊन एकदम सुटते असे हाताला लागले, तर वरच्या माउंटचे बेअरिंग अडकलेले आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि टायरला फिरण्याची ठराविक दिशा नसेल, तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, न बदलल्यास अलाइनमेंट आणि अडकणारा ब्रेक तपासावा. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर टो, म्हणजे चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, चुकलेला आहे. काही दर्जेदार शॉकवर उसळी आवरण्याचा जोर कमी-जास्त करणारे बटण असते; ते कडक टोकाला फिरवून ठेवल्यास गाडी खड्ड्यांवर टणाटण उडते. मधल्या स्थितीपासून सुरुवात करून, एका वेळी एकच अॅक्सल आणि दोन-तीन टप्पे बदलत, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावे.

उंची बदलली असल्यास हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो. इएससी (गाडी घसरू लागल्यास ती सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, त्यामुळे मोठे फेरफार करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी. नवे स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात; तेव्हा सर्व बोल्टचे टॉर्क पुन्हा तपासून दुसरे अलाइनमेंट करावे आणि दोन्ही वेळचे छापील आकडे सर्व्हिस पुस्तिकेत जपून ठेवावेत.