वाहक प्रथिनांचा अभ्यास: आधी एकाचाच पिच्छा पुरवा

एम.एस्सी. संपवून लॅबमध्ये नव्याने आलेली मुलं बहुतेक वेळा वाहकांच्या, म्हणजे पेशीच्या पटलातून पदार्थ आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांच्या, गटांची यादी घेऊन येतात: ग्लुट, एसएलसी, एबीसी... माणसात एकट्या एसएलसी गटाचीच 400 हून जास्त जनुकं आहेत. ती पाठ करून काय मिळणार? मी सांगते, एकच वाहक धरा. मी धरला तो एसजीएलटी-1.

लहान आतड्याच्या पेशीत हा वाहक ग्लुकोजचा एक रेणू आत घेतो तेव्हा सोबत 2 सोडियम आयन येतात. आत ग्लुकोज आधीच जास्त असलं, तरी घेतो. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तर तो स्वतः मोडत नाही, मग हे चालतं कुणाच्या खर्चाने? पेशीच्या मागच्या अंगाला असलेला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी मोडून 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा, आणि त्या ओढीवर साखर आत येते. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांना 1957 मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंत सापडला. नोबेल मिळालं थेट 1997 मध्ये. 'खर्च कुणाचा?' हे प्रत्येक वाहकाला विचारत गेलात, की निम्मा विषय सुटतो.

जुलाबात देतात त्या ओआरएसमधली (साखर-मिठाच्या पाण्यातली) साखर चवीपुरती नसते, हेही इथेच कळतं. कॉलऱ्यात आतडी पाणी सोडत सुटतात, पण एसजीएलटी-1 शाबूत असतो. साखर-मीठ आत गेलं की पाणी मागोमाग जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणावर असंख्य जीव वाचवले. एसजीएलटी-1 चा भाऊबंद एसजीएलटी-2 मूत्रपिंडात गाळलेली साखर परत खेचतो. डापाग्लिफ्लोझिन हे औषध त्यालाच अडवतं, म्हणून मधुमेह्याची साखर लघवीवाटे जाते.

प्रत्यक्ष काम मात्र कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. किरणोत्सारी साखर पेशींवर घालायची, ठरल्या मिनिटाला बर्फगार बफरने धुवायचं, आत किती गेली ते मोजायचं. साधं ग्लुकोज वापरू नका. ते सोडियम न लागणाऱ्या ग्लुट वाहकांतूनही शिरतं आणि पेशी ते पचवून टाकते. अल्फा-मिथिल ग्लुकोसाइड घ्या, त्याला या दोन्ही अडचणी नाहीत. शेजारच्या प्लेटमध्ये सोडियमऐवजी कोलिन (वाहकाला सोडियमच मिळू नये म्हणून), तिसरीत एसजीएलटी अडवणारं फ्लोरिझिन. या दोन्हींत आकडा खाली आला नाही, तर पहिल्या प्लेटचा आलेख गाईडला दाखवायला नेऊ नका.