संदेश पोहोचत होता, तरी पडदा काळाच
सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या प्रोग्रामिंग भाषेतून ओपन साउंड कंट्रोल या संदेशपद्धतीचे संदेश दुसऱ्या संगणकावरील, मीच लिहिलेल्या दृश्यांच्या प्रोग्रामकडे पाठवत असताना पडदा काळाच राहत होता. हे संदेश ज्या यूडीपी या नेटवर्क पद्धतीने जात होते ती पोहोच कळवत नसल्यामुळे मी आधी पोर्ट आणि फायरवॉल तपासले. दोन्ही ठीक होते. मग आलेले बाइट छापून पाहिले, तेव्हा संदेशातील पत्त्यानंतरच्या प्रकारखुणेत, म्हणजे मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या अक्षरात, फ्लोटच्या (दशांश संख्येच्या) ‘एफ’ऐवजी पूर्णांकाचा ‘आय’ दिसला, कारण मी १.० न लिहिता १ लिहिले होते, आणि पूर्णांक १ चे ३२ बिट फ्लोट म्हणून वाचले की जवळजवळ शून्यच हाती येते. पाठवताना १.० लिहून भागले असते, परंतु मला ते अपुरे वाटले. म्हणून आता माझा प्रोग्राम प्रकारखूण आधी वाचतो आणि पूर्णांक आल्यास त्याचे रूपांतर करतो.