व्हिडिओ वाचताना लॅपटॉप गोठायचा, तो असा सुटला

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाईलवर व्हिडिओत टिपल्या. कोणती ओवी कितव्या सेकंदाला, याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) यादी केली. आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेने व्हिडिओतून प्रत्येक ओवीचं एक चित्र काढायचं होतं. पण चाळीसेक सेकंदांत लॅपटॉप गोठायचा.

बेळगावच्या मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "नुसतं 'चालत नाही' म्हणू नकोस. दहा ओळींचा कोड नि पाच सेकंदांचा तुकडा पाठव." तो तुकडा करतानाच चूक सापडली. मी प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, मेमरीतल्या यादीत साठवत होतो. 1920×1080 ची एक रंगीत फ्रेम उलगडली की सुमारे 6.2 एमबी, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळपास 187 एमबी. 8 जीबी रॅम पुरणार कशी? आता एक फ्रेम वाचायची, हवी तर जतन करायची, नाहीतर सोडून द्यायची.

तरी चित्रं मागेपुढे येत होती. मोबाईलचा फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) बहुधा बदलता असतो, म्हणून फ्रेम क्रमांकाला 30 ने भागून वेळ काढणं चुकतं. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रामने दर स्थिर करून घेतला. सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरं बिघडायची, ती फाईल 'यूटीएफ-8-सिग' या अक्षरसंकेतात जतन करून सुधारली.

पहिलं नीट आलेलं चित्र: खुंट्यावर आज्जीचा हात, बांगड्या मनगटावरून मागे सरकलेल्या.