सायलेन्सर बदलायचाय? आधी टॅकोमीटरचा काटा चार दिवस बघा

आवाज आवडला म्हणून बाईकला नवा सायलेन्सर पाईप घेतला, लावला, आणि आठवड्याभराने लक्षात आलं की गाडीचा खालचा पिकअपच गेलाय, हे माझ्या डोळ्यांसमोर इतक्या वेळा झालंय की आता कोणी "कुठला पाईप घेऊ" म्हणून विचारलं तर मी आधी उलट विचारतो, तुझी गाडी दिवसभर कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, असते? आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्याकडे चार दिवस नीट लक्ष द्या. रोजच्या वापरात तो 3000 ते 6000 च्या मध्येच फिरत असेल आणि तुम्ही 10000 ला ताकद देणारा मोठ्या बोअरचा रेसिंग पाईप घेतला, तर ती ताकद तुम्हाला भेटणारच नाही, आणि जी होती तीही जाईल.

असं का होतं ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावरच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळलेला गॅस जोरात बाहेर पडतो आणि त्यासोबत प्रेशरची एक लाट पाईपमधून पुढे पळते. गरम गॅसमध्ये ही लाट साधारण 500 मीटर प्रति सेकंद किंवा त्याहून थोडी जास्त वेगाने जाते. पाईप जिथे एकदम मोठा होतो किंवा उघडा पडतो तिथून ती उलटी फिरते, पण फिरताना प्रेशरची नाही तर ओढीची लाट होऊन येते. ही ओढ बरोबर ओव्हरलॅपच्या वेळी, म्हणजे आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना व्हॉल्व्हपाशी पोचली, तर उरलेला जळका गॅस खेचून घेते आणि ताजा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोल, आत यायला मदत करते. हिशोब करून बघा, लाट फिरते ती जागा 80 सेंटीमीटरवर असेल तर जाऊन येऊन 160 सेंटीमीटर, म्हणजे 3.2 मिलिसेकंद. 8000 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 7.5 मिलिसेकंदात होतो, म्हणजे तेवढ्या वेळात क्रँक साधारण 154 डिग्री फिरला. तोच पाईप 4000 ला असेल तर फक्त 77 डिग्री. लाट तीच, वेळ तोच, पण इंजिन वेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून कुठलाही पाईप सगळ्या आरपीएमला सारखा चालत नाही. लांब बेंड पाईप, म्हणजे इंजिनापासून डब्यापर्यंतचा भाग, खालच्या आरपीएमला साथ देतो, आखूड वरच्या.

आणि हो, "इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे पाईपचा उलटा दाब, लागतं" हे डोक्यातून काढून टाका. इंजिनाला अडथळा नको असतो, गॅसचा वेग हवा असतो. पाईप गरजेपेक्षा जाड घेतला की गॅसचा वेग कमी होतो, मागे ओढ राहत नाही आणि खालचा टॉर्क पडतो, लोकांना वाटतं बॅकप्रेशर कमी झालं म्हणून पडला. पडायचं कारण पाईपचा व्यास आणि लांबी.

टू-स्ट्रोकमध्ये तर पाईप म्हणजे अर्धं इंजिनच. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगलेला पाईप, असा बसवला की पुढचा फुगता कोन (शंकूसारखा भाग) ओढीची लाट पाठवतो आणि मागचा निमुळता कोन प्रेशरची लाट पाठवून बाहेर निसटणारा ताजा चार्ज परत सिलिंडरमध्ये ढकलतो. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पळून सुझुकीकडे गेला आणि 1962 ची 50 सीसी चॅम्पियनशिप सुझुकीवर जिंकला. सांगायचा मुद्दा, टू-स्ट्रोकचा पाईप दुसऱ्या मॉडेलचा आणून वेल्डिंग करून बसवू नका, पोर्टचं, म्हणजे सिलिंडरच्या भोकांचं, टायमिंग आणि पाईपचं माप जुळलं नाही तर गाडी मेलीच समजा.

आता निवडायचं. दोन मुख्य प्रकार आहेत, स्लिप-ऑन आणि फुल सिस्टीम. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा, बेंड पाईप आणि बहुतेक गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, तसाच राहतो. यात ताकद वाढते म्हणून कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनचा, आधीचा आणि नंतरचा ग्राफ मागा, त्याच दिवशीचा, त्याच मशीनवरचा. खरा फायदा असतो तो वजनाचा आणि आवाजाच्या पोताचा, आणि माझ्या मते रोज चालवायच्या गाडीला एवढंच पुरे आहे. फुल सिस्टीममध्ये इंजिनाच्या हेडपासून सगळं बदलतं, इथे ताकद खरंच मिळू शकते पण ट्यूनिंगशिवाय नाही, आणि त्यात कॅट काढलेला असेल तर धूर आणि वास वाढतो, बऱ्याच देशांत ते रस्त्यावर चालतही नाही. कॅट असलेली फुल सिस्टीम मिळत असेल तर ती घ्या, मी तरी तीच घेईन.

धातूचं थोडक्यात सांगतो. स्टेनलेस टिकाऊ, वेल्डिंग सोपं, दणका बसला तर पोचा पडतो पण काम चालू राहतं. टायटॅनियमची घनता साधारण 4.5 आणि स्टीलची 8 च्या जवळ, त्यामुळे तेवढ्याच मापाचा डबा बराच हलका होतो, तापल्यावर निळा जांभळा रंग येतो तो खराबीचा नाही. कार्बन फायबर दिसायला छान पण आतलं आवाज शोषणारं वूल जळून गेलं की सगळी उष्णता थेट बाहेरच्या कव्हरवर येते आणि ते खराब होतं.

घ्यायच्या आधी गाडी समोर उभी करून बघायच्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि त्याच लोक विसरतात. सेंटर स्टँड लागेल का, मागचा ब्रेक पेडल अडेल का, ऑइल फिल्टर पाईप न काढता बदलता येईल का, मागे बसणाऱ्याचा पाय डब्याला लागेल का, सॅडलबॅग टांगली तर ती वितळेल का, गाडी झुकवली तर डबा घासेल का. ऑक्सिजन सेन्सरचं भोक तुमच्या सेन्सरच्या आट्याचं आहे का हेही बघा, काही सेन्सर 18 मिलिमीटरचे असतात, काही 12 चे. आणि गाडीला एक्झॉस्टमध्ये सर्व्होने फिरणारा व्हॉल्व्ह असेल, यामाहाच्या एक्झपसारखा, तर नव्या पाईपमध्ये त्याची सोय काय केलीय ते विचारा, नुसती वायर काढून ठेवली तर मीटरवर एरर येतो.

आवाजाबद्दल मी जरा कडकच बोलतो. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं, म्हणजे आकडा छोटा दिसतो पण झोपलेल्या लहान बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला तो छोटा नसतो. डीबी किलर, म्हणजे पाईपच्या तोंडातला आवाज कमी करणारा तुकडा, काढू नका. काढला की खालच्या आरपीएमला बहुतेक वेळा टॉर्कही जातो आणि हवा-पेट्रोलचं मिक्स्चरही बिघडतं. उभ्या गाडीचा आवाज मोजताना मायक्रोफोन पाईपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणि 45 अंशात धरतात, जास्तीत जास्त ताकद 5000 च्या वर मिळणारी गाडी असेल तर त्या आरपीएमच्या निम्म्यावर आणि त्याखाली असेल तर पाऊण आरपीएमवर. युरोपच्या मंजुरीचा पाईप असेल तर त्यावर ई आणि आकडा कोरलेला असतो, तो नुसता स्टिकर नाही ना ते बघा. तुमच्याकडचे नियम काय आहेत ते पैसे द्यायच्या आधी वाचा.

बसवणं. इंजिन पूर्ण थंड असू द्या. हेडच्या स्टडवरचे नट गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि नट अडला तर जोर करू नका, थोडा सोडा थोडा आवळा असं करत काढा. एकदा घाईत स्टड तुटला माझा, हेडमधून तो काढायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात तीन पाईप बसले असते. हेड आणि पाईपमधलं जुनं पॅकिंग परत वापरायचं नाही, ते एकदाच दबतं. नवीन पाईप लावताना सगळे नट आणि ब्रॅकेट आधी हाताने ढिले लावा, पाईप स्वतःहून जागेवर बसू द्या, मग हेडपासून मागे येत येत मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. मागून पुढे आवळत आलात तर पाईप ताणात राहतो आणि काही महिन्यांनी ब्रॅकेटपाशी चिरतो. सेन्सरच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ लावा, टोकाला लागू देऊ नका, आणि वायर पाईपला टेकत नाही ना बघा. शेवटी, चालू करायच्या आधी, पूर्ण पाईप आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसा, बोटांचे ठसे एकदा तापले की कायमचे भाजून बसतात. पहिल्यांदा थोडा धूर येतो, तेल जळत असतं, घाबरू नका.

ट्यूनिंग करायच्या आधी लीक शोधा, हे मी शंभरदा सांगेन. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटायला लागले की लोक लगेच "लीन झाली", म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, म्हणून पेट्रोल वाढवतात, पण कितीदा तरी कारण असतं जॉइंटमधून आत ओढली जाणारी हवा. थंड गाडी सुरू करून जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले किंवा काळी काजळी दिसली तर लीक आहे. काही गाड्यांत एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी सेकंडरी एअर सिस्टीमही असते, मोकळ्या पाईपमध्ये तिच्यामुळे थोडे फटाके ऐकू येणारच, त्याने काही बिघडत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत कॅटच्या मागे स्लिप-ऑन लावला असेल तर बहुतेक वेळा मॅपला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं त्या टेबलला, हात लावायची गरज नसते. नेहमीचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो, तो हवा पेट्रोल 14.7 ला 1 च्या आसपास आहे एवढंच सांगतो, 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये वरखाली करत, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यावरून हळू चालवताना स्वतः जुळवून घेतो. फुल थ्रॉटलला मात्र ईसीयू त्याचं ऐकत नाही, साठवलेल्या टेबलवर चालतो, आणि फुल सिस्टीम लावल्यावर लीन होते ती बहुतेक इथेच. तिथे ईसीयूच्या जोडीला पिगीबॅक डबा लावावा लागतो किंवा ईसीयू फ्लॅश करून मॅप बदलावा लागतो, नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, आणि पूर्ण ताकदीला हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण 12.8 ते 13.2 च्या मध्ये आणावं लागतं. नेटवरून दुसऱ्याच्या गाडीचा मॅप उतरवून टाकला की झालं असं नाही, तो सुरुवात म्हणून ठीक आहे.

कार्ब्युरेटरमध्ये कामाची वाटणी लक्षात ठेवली की अर्धं काम होतं. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (पेट्रोल सोडणारं छोटं भोक) आणि मिक्स्चर स्क्रू, पाव ते पाऊण निडल, त्यावर मेन जेट. ग्रिपवर टेपचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण खुणा करा, मग गाडी कुठे अडखळते ते नेमकं कळतं. मी आधी मेन जेट जुळवतो, मग निडल, शेवटी पायलट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. निडलची क्लिप एक खाच खाली म्हणजे निडल वर म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. मिक्स्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की लीन, इथे खूप जण उलटं करतात.

लीन असली की गाडी जास्त तापते, थ्रॉटल स्थिर धरला तरी मागेपुढे ओढते, प्लग पांढराफटक पडतो. रिच असली की घुसमटते, प्लग काळा कोरडा, पेट्रोलचा वास. लीनकडे दुर्लक्ष करू नका, पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्यातच जातात.

डायनो नसेल तर मोकळ्या सुरक्षित सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी 50 वरून 80 किलोमीटरला जायला किती सेकंद लागतात ते पाईप बदलायच्या आधी आणि नंतर मोजा, दोन्ही दिशांना, म्हणजे वारा आणि चढ यांचा फरक निघून जातो. फोन हँडलला नीट बांधून व्हिडिओ काढा आणि घरी येऊन सेकंद मोजा, चालवताना मीटरकडे बघत बसू नका. आवाज मोठा झाला की गाडी पळते असं वाटतंच, घड्याळाला वाटत नाही.

पहिल्या दोन-तीन राइडनंतर गाडी थंड करून सगळे नट परत तपासा, तापून थंड होताना ते थोडे ढिले पडतात. आणि सरळ आरपार जाळीचा डबा असेल तर त्यातलं वूल हळूहळू जळून उडून जातं, आवाज पत्र्यासारखा, कोरडा यायला लागला किंवा डब्याचं बाहेरचं कव्हर आधीपेक्षा जास्त तापायला लागलं की रिव्हेट ड्रिल करून डबा उघडा, जुनं वूल काढताना हातमोजे आणि मास्क घाला, आणि नवीन वूल जाळीवर घट्ट पण दाबून न भरता गुंडाळा.