आपलं प्लगइन डेबियनमध्ये जावं म्हणून पॅकेजरशी कसं जुळवून घ्यावं

कुडाळजवळच्या एका गावात टेनिस बॉलची फायनल चालली होती, रात्रीचे दहा, फ्लडलाइट, यूट्यूबवर लाइव्ह, आणि मधेच स्क्रीनवरनं माझा स्कोअरबोर्ड गायब. हा स्कोअरबोर्ड म्हणजे ओबीएस या लाइव्ह दाखवायच्या प्रोग्रॅमसाठी मी लिहिलेलं प्लगइन. कमेंटमध्ये मुंबईतले चाकरमानी सुरू झाले, "अरे, स्कोअर खंय गेलो?" झालं होतं एवढंच की ऑपरेटरच्या भावाने आदल्या दिवशी लॅपटॉप उबुंटू २२.०४ वरनं २४.०४ वर नेला, त्यात ओबीएस २७ चं ३० झालं, आणि ओबीएस तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये २८ व्या वर्जनलाच क्यूटी ५ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) सोडून क्यूटी ६ वर गेलेलं, त्यामुळे मी कधीकाळी पेनड्राइव्हवरनं फोल्डरात टाकलेली फाइल नव्या ओबीएसने उचललीच नाही. उरलेली चार षटकं त्या पोराने एका टेक्स्ट फाइलमध्ये हाताने धावा टाइप केल्या आणि ओबीएसला तीच फाइल वाचायला लावली. हुशार पोरगा.

तेच प्लगइन डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या लिनक्स सिस्टीमच्या पॅकेजमधनं आलं असतं तर नव्या ओबीएसवर बिल्ड होऊनच, म्हणजे कोडातनं नव्याने तयार होऊनच आलं असतं. ते पॅकेज बांधून सांभाळणारा तो पॅकेजर. म्हणून मी त्या मागे लागलो, आणि जे शिकलो ते लिहितोय. उदाहरण ओबीएसचं आणि डेबियनचं आहे, पण गिंप असो नाहीतर क्यूजीआयएस, थोड्याफार फरकाने हेच.

सगळ्यात आधी बघा की हे काम कुणी घेतलंय का. डेबियनमध्ये अशा कामांची उघडी यादी असते, त्यात आरएफपी म्हणजे 'कुणीतरी हे पॅकेज करा' आणि आयटीपी म्हणजे 'मी करतोय'. आयटीपी असेल तर त्या माणसाला लिहा, नवीन चूल मांडू नका. काहीच नसेल तर तुमच्यासारखी दुसरी प्लगइनं कोण सांभाळतं ते शोधा, ओबीएसची बरीच प्लगइनं डेबियनमध्ये आधीपासून आहेत. पत्रात ताकाला जाऊन भांडं लपवू नका. प्लगइन काय करतं, कोण वापरतं, लायसन्स कुठलं, ओबीएसच्या कुठल्या वर्जनवर चालवून बघितलंय, एवढं सरळ लिहा. हा माणूस बहुतेक वेळा संध्याकाळी घरी बसून फुकटात हे करत असतो, त्याला 'कधी होणार' विचारायचा हक्क आपल्याला नाही.

मग लायसन्स. इथे माझी खरी फजिती झाली. माझ्या कोडच्या फोल्डरात लायसन्सची फाइलच नव्हती, आणि लायसन्स नाही म्हणजे कायद्याने कुणालाच वाटायची परवानगी नाही, 'नेटवर टाकलंय म्हणजे फुकट' हे खरं नाही. ओबीएस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या २ किंवा त्यापुढच्या वर्जनखाली आहे, त्याला जोडून चालणाऱ्या प्लगइनचं लायसन्स त्याच्याशी जुळणारंच लागतं. ते दोन मिनिटांत केलं. अडकलं ते फॉण्टवर. 'षटकं', 'गडी बाद' झोकात दिसावं म्हणून बॅनर छापणाऱ्या एका ओळखीच्याकडनं घेतलेला फॉण्ट मी आत ठेवला होता, त्याचा मालक कोण ते त्यालाही माहीत नाही. पॅकेजरने विचारलं, हा कुणाचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेबियनमध्ये नवीन पॅकेज आलं की आत घेण्याआधी माणसं बसून प्रत्येक फाइलचा कॉपीराइट बघतात, तिथे असलं काही खपत नाही. शेवटी फॉण्ट काढला आणि लोहित देवनागरी डेबियनमध्ये असतोच तो मागवून घेतला. जोडाक्षरं तर आधीपेक्षा बरी दिसायला लागली. नमुना म्हणून ठेवलेले संघांचे लोगोसुद्धा उडवले, ते तर सरळ कुठल्यातरी टीशर्टवरनं घेतलेले.

आता टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं. प्रत्येक रिलीजला टॅग, म्हणजे कोडात त्या वर्जनची खूण लावा आणि लावलेला टॅग परत हलवू नका. मी १.३ चा टॅग लावला, दहा मिनिटांनी 'धावसंख्या'त काना राहिलेला दिसला, गुपचूप टॅग काढून दुरुस्तीवर परत लावला. तेवढ्यात पॅकेजरने आधीचं गाठोडं उतरवून घेतलेलं, त्याचा चेकसम (फाइलवरनं निघणारा ओळखीचा आकडा) एक नि माझा दुसरा, आणि मग पत्र आलं की तुझं खरं १.३ कुठलं? कुणी मधे घुसून कोड बदललाय का अशी शंका त्याला येणारच, आणि ती यायलाच पाहिजे. अशा वेळी १.३.१ काढायचं, आकडे काय महाग नाहीत. अजून एक, गिटहबवर आपोआप तयार होणाऱ्या गाठोड्यात सबमॉड्यूलचा, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टचा कोड येत नाही. सबमॉड्यूल वापरत असाल तर पूर्ण गाठोडं स्वतः बांधून ठेवा.

बिल्डचं थोडक्यात सांगतो. डेबियनची बिल्ड मशीन बिल्ड चालू असताना इंटरनेटवरनं काही आणू देत नाही, तेव्हा सीमेकमध्ये (बिल्ड कसं करायचं ते सांगणारं साधन) मधेच लायब्ररी डाउनलोड करायची सवय असेल तर मोडा. आणि फाइल कुठे बसणार तो पाथ कोडात ठोकून लिहू नका, डेबियनमध्ये लायब्ररीच्या पाथमध्ये प्रोसेसरचं नाव येतं, उबुंटूतही तसंच, फेडोरात वेगळं.

कॅलेंडरचा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर बंदरात, तुम्हाला कितीही घाई असली तरी पापलेट ताजं मिळायचं नाही. डेबियनचं फ्रीझ, म्हणजे रिलीजआधी बदल थांबवायचा काळ, तसंच असतं. 'ट्रिक्सी'च्या, म्हणजे डेबियन १३ च्या वेळी १५ एप्रिल २०२५ ला सॉफ्ट फ्रीझ लागलं, त्यानंतर नवीन पॅकेजला त्यात जागा नाही, जुन्यात फक्त छोट्या दुरुस्त्या, आणि रिलीज झालं ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी. तुम्ही मे महिन्यात 'मोठं नवीन वर्जन आलंय, घाला' म्हणून पाठवलंत तर तो बिचारा काय करणार? फ्रीझच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या बघून दोन-तीन महिने आधी शेवटचं पक्कं वर्जन द्या.

आणि तिथे गेलेलं वर्जन पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या मशीनवर राहतं. ट्रिक्सीत ओबीएस ३०.२ आहे, ओबीएस ३१ तर डिसेंबर २०२४ मध्येच आलेलं. म्हणजे तुम्ही ३१ वर बसून नवीन फंक्शन वापरलंत की डेबियनवाल्यांसाठी खेळ खल्लास. माझ्याकडे आता प्रत्येक बदलानंतर डेबियनच्या चालू स्टेबलवर (लोकांसाठी रिलीज झालेलं पक्कं वर्जन) आपोआप बिल्ड होतं, तुटलं की मला आधी कळतं, त्याला नंतर. काही मोडणारच असेन तर रिलीजच्या आधी चार ओळी पाठवतो: "१.५ मध्ये जुनी सेटिंगची फाइल वाचणार नाही, ओबीएस ३० पासून पुढे चालेल, नवीन लायब्ररी एक लागेल, टॅग पंधरा दिवसांनी." बास.

पॅकेजर कधी तुमच्या कोडात स्वतःचा पॅच, म्हणजे छोटा बदल लावतो. राग मानू नका, तो पॅच तुमच्याकडे मागून घ्या आणि पटला तर मूळ कोडात घ्या, नाहीतर दर वर्जनला त्याला तोच बसवत बसावं लागतं. लोकांची तक्रार आली की आधी विचारा, प्लगइन कुठनं घेतलं? पॅकेजमधलं असेल आणि फक्त तिथेच मोडत असेल तर डेबियनच्या बग यादीत पाठवा, तुमच्या कोडातला दोष असेल तर तुम्ही निस्तरा, त्याच्यावर ढकलू नका.

हे विचारणं का महत्त्वाचं ते ऐका. पॅकेज आल्यावर वेंगुर्ल्याहून एकाचा फोन, नवीन वर्जन टाकलं तरी जुनाच बोर्ड दिसतोय. त्याला हेल्प मेनूतनं ओबीएसचा लॉग उघडायला लावला, त्यात प्लगइनचं नाव दोनदा. घरच्या डिरेक्टरीतल्या ओबीएसच्या लपवलेल्या फोल्डरात मी दोन वर्षांपूर्वी ठेवलेली कॉपी तशीच पडून होती, आणि पॅकेजची वेगळी. उलटा प्रकारही होतो, ओबीएस फ्लॅटपॅकचं, म्हणजे सिस्टीमपासून वेगळं डब्यात बंद केलेलं असेल तर त्याला सिस्टीममधलं प्लगइन दिसतच नाही, त्याला फ्लॅटपॅकचंच एक्स्टेन्शन लागतं. म्हणून पॅकेज आल्याआल्या माहितीच्या पानावर पहिली ओळ हीच टाका की हाताने टाकलेली जुनी फाइल आधी काढा.

वेंगुर्लेकर फोनवरच होता. "काढलंय," म्हणाला, "आता बरोबर दिसता. पण लोहित माका जरा बारीक वाटता हां."