जुनी शेव्हेल हायवेसाठी थोडी जोरदार करायचीये? मग आधी एवढं बघून घ्या

१९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा) कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर आणि टर्बो ३५० नावाची तीन गिअरची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (टर्बोचार्जर नव्हे), ही गाडी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण इकडे कॅलिफोर्नियात हा नाद लागलेल्या आपल्या मंडळींना अशीच गाडी परवडते, एसएस या जोरदार मॉडेलचे भाव ऐकूनच घाम फुटतो. ड्रॅग स्ट्रिपवर कोणाला जायचं नाहीये. शनिवारी सकाळी निघून आय-५ हायवेने ग्रेपव्हाइनचा घाट चढायचा, नाहीतर आय-१५ ने वेगासकडे सुटायचं, ताशी ७० मैलांनी आरामात, आणि ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबला की गाडीने ऐकलं पाहिजे, बास. म्हणजे ताकद हवीये ती २००० ते ३५०० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ६००० ला किती हॉर्सपॉवर निघते त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. पुढचं सगळं या एकाच हिशोबाने वाचा.

आधी लगीन कोंढाण्याचं, म्हणजे ब्रेक आणि टायर. पुढे ड्रम असतील तर डिस्क करून घ्या आणि मग इंजिनाचं बोला. टायरला कितीही नक्षी शिल्लक दिसू दे, साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, दहा वर्षांच्या पुढचं असेल तर बिनधास्त फेकून द्या. रबरी ब्रेक होज बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगून बंद होतात, तेही बदला.

मग इंजिनाची तब्येत. आठही प्लग काढा, थ्रॉटल (कार्बमधली हवेची झडप) पूर्ण उघडा धरा आणि गेजने कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब बघा, सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तवाल्याच्या पाऊण भागाच्या खाली असेल तर पार्ट्सची ऑर्डर थांबवा, आधी तिथे काय झालंय ते शोधा. आयडलला व्हॅक्यूम गेजची सुई पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर पाहिजे, थरथरत असेल तर व्हॉल्व्हचं काहीतरी आहे. टायमिंग चेन (क्रँकशाफ्टवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारी साखळी) कधी बदललीये ते माहीत नसेल तर बदलाच, कारण कंपनीच्या बऱ्याच इंजिनांत कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात असायचे, ते इतक्या वर्षांनी ठिसूळ होऊन तुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर तेही आत्ताच, इथनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराची वाट लावतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं की काय होतं ते सांगायला नको.

आता गिअरिंग, आणि माझं मत विचाराल तर हायवेच्या गाडीचा सगळ्यात मोठा अपग्रेड हाच, लोक याला पॉवरमध्ये धरत नाहीत ती गोष्ट वेगळी. गाडी जॅकवर घ्या आणि मागच्या अॅक्सलचा रेशो खरा किती आहे ते मोजा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. ३.३१ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.३१ फेरे) असेल आणि टायर २६ इंच उंचीचा असेल तर ७० मैलांना इंजिन ३००० च्या आसपास फिरतं, चार तास तो आवाज ऐकून डोकं उठतं. तिथे २००-४आर किंवा ७००-आर४ ही ओव्हरड्राइव्हवाली (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा चौथा गिअर असलेली) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकली की चौथ्या गिअरला हेच २००० ते २१०० वर येतं, शिवाय पहिल्या गिअरचा रेशो टर्बो ३५० पेक्षा जास्त असल्याने सिग्नलवरून गाडी उठतेही जोरात. २००-४आर ची लांबी टर्बो ३५० एवढीच असल्याने प्रॉपेलर शाफ्ट सहसा कापावा लागत नाही, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) मात्र मागे सरकवावा लागतो, ७००-आर४ लांब आहे, तिला शाफ्ट छोटा करावाच लागतो. दोन्हींमध्ये टीव्ही केबल नावाची एक बारीकशी केबल कार्बपासून गिअरबॉक्सकडे जाते, ती दिसायला किकडाउनच्या (पाय दाबल्यावर खालचा गिअर टाकणाऱ्या) केबलसारखी आहे पण तीच आतलं ऑइल प्रेशर ठरवते, ती सैल राहिली तर नवीकोरी गिअरबॉक्स थोड्या मैलांत जळते, त्यामुळे कार्बवरची भूमिती जुळवणारी ब्रॅकेट आधी आणा, गिअरबॉक्स नंतर. लॉकअपची (टॉर्क कन्व्हर्टरची घसरण थांबवणाऱ्या क्लचची) वायरिंग आणि वेगळा ऑइल कूलर याच कामात उरकून घ्या. आणि अॅक्सल २.७३ चा निघाला तर? मग ७० ला आधीच २५०० च्या आत आहात, ओव्हरड्राइव्ह टाकलात तर १६५० वर इंजिन रडेल. तो खर्च वाचला समजा.

इग्निशनला हात लावायच्या आधी एक काम, जे निम्मे लोक करतच नाहीत. क्रँकच्या पुढच्या टोकाला हार्मोनिक बॅलन्सर असतो, आत हब, बाहेर जड रिंग आणि दोघांच्या मध्ये रबराचा पट्टा. रबर म्हातारं झालं की रिंग सरकते, आणि टायमिंगची रेघ असते नेमकी रिंगवर, म्हणजे टायमिंग लाइट मारून, ठिणगी किती आधी पडते ते बघताना, तुम्ही १० अंश वाचताय ते खरे १६ असू शकतात. बॅटरी काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप बसवा, क्रँक हाताने हळूच फिरवा, अडला की खूण, उलटा फिरवा, अडला की दुसरी खूण, दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. जुनी रेघ तिथे येत नसेल तर बॅलन्सर नवीन.

हे झालं की पॉइंट्स (ठिणगीसाठीचा जुना यांत्रिक स्विच) काढून एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, डिस्ट्रिब्युटर टाका. त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि जुन्या कॉइलला येणारी तार मुद्दाम रेझिस्टन्सवाली असते, त्यामुळे फ्यूज बॉक्सपासून नवीन जाड तार ओढा, प्लगचा गॅप ०.०३५ वरून ०.०४५ इंच करा. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, यात ५ आणि ७ शेजारी आहेत आणि पाठोपाठ पेटतात, त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून ठेवू नका. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी काढून बुच मारा, आयडलला १० अंशांच्या आसपास आणि ३००० पर्यंत एकूण ३४ ते ३६ येईल असं लावा, मग नळी परत जोडा. परत जोडा हे मुद्दाम दोनदा लिहितोय, कारण रेसवाल्यांचं बघून व्हॅक्यूम अॅडव्हान्स काढून टाकायची फॅशन आहे. हायवेवर हलक्या पायाने चालताना मिश्रण पातळ असतं, सावकाश जळतं, त्याला आणखी दहा-पंधरा अंश लवकर ठिणगी पाहिजे, ती मिळाली नाही की मायलेजही जातं आणि गाडी गरमही होते.

कार्बच्या बाबतीत नाकापेक्षा मोती जड करू नका. ३५० घनइंचाचं इंजिन ५००० आरपीएमला पूर्ण भरलं तरी साधारण ५०६ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढतं, तेव्हा एडलब्रॉकचा ६०० वाला चार बॅरलचा कार्ब भरपूर झाला, सोबत ड्युअल प्लेनचा (दोन थरांतून हवा वाटणारा) अॅल्युमिनियम इनटेक मॅनिफोल्ड. चांगला रीबिल्ट क्वाड्राजेट (जीएमचाच चार बॅरलचा कार्ब) मिळाला तर मी तोच घेईन, त्याचे पुढचे दोन बॅरल बारीक असल्याने क्रूझला पेट्रोल वाचतं, पण तो समजणारा मेकॅनिक आधी शोधा. इनटेक घ्यायच्या आधी बॉनेटखाली किती जागा आहे ते मोजा. एक्झॉस्ट सिंगल असेल तर अडीच इंची ड्युअल करा, मध्ये दोन्ही नळ्या जोडणाऱ्या एच पाइपसकट. हेडर्सने (प्रत्येक सिलिंडरला वेगळी एक्झॉस्ट नळी) टॉर्क वाढतो हे खरं, पण प्लगच्या वायरी जळणं, गॅस्केट लीक होणं, गरम स्टार्टर न फिरणं ही सगळी वरात सोबत येते. मफलर ऐकल्याशिवाय घेऊ नका, ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन २००० वर बसतं आणि घुमण्याचा त्रास नेमका तिथेच होतो, मग घरचे दुसऱ्यांदा गाडीत बसत नाहीत.

कॅम सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते बहुतेकांना नकोच. घ्यायचाच तर ०.०५० इंचाला २०४/२१४ अंशांच्या आसपासचा सौम्य (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडे राहतात त्याचे हे आकडे), त्याच्या वर गेलात की आयडलचा व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक बूस्टर तोंड फिरवतो. फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेला) कॅम असेल तर झिंकवालं ऑइल, आणि नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटं आरपीएम २००० च्या खाली येऊच द्यायचं नाही.

गरम होण्याचं निदान निघायच्या आधी करा. सिग्नलला तापते आणि हायवेला थंड होते तर फॅन किंवा श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) बघा, हायवेलाच तापते तर रेडिएटर चोंदलाय किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय. आय-१५ वर बेकर गावाच्या पुढच्या चढाला एसी बंद करा अशा पाट्याच लावल्यात, तिथे परीक्षा नको.

जवळपास शंभर मैल फिरवून आणा, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवर क्रूझला १४ ते १५ आणि पूर्ण पाय दाबल्यावर १२.५ ते १३ दिसेपर्यंत कार्बमधले रॉड आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भाग) बदला, हेडरचे बोल्ट थंड झाल्यावर परत आवळा. डिकीत एक बेल्ट, वरचा-खालचा होज, क्लॅम्प, एचईआयचं एक जादा मॉड्यूल आणि त्याच्याखाली लावायची पेस्ट ठेवा. फायर एक्स्टिंग्विशर मात्र डिकीत नको, ड्रायव्हरच्या सीटपाशी, बसल्या जागी हात पोचेल असा.