नव्या प्रकारचा गेम अर्ध्या तासात बंद करताय? या चुका टाळा

कोकणात नवा गेम घरी येण्याचे हंगाम दोनच. एक गणपतीचा. मुंबई-पुण्याची भावंडं लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन येतात आणि रात्रीची आरती, जेवणं आटोपली की माजघरात मांड ठोकतात. दुसरा पावसाचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी, बाहेर धो धो पाऊस, संध्याकाळी जायला जागा नाही. एरवी बीजीएमआय, क्रिकेट किंवा जीटीए खेळणारी मुलं या दिवसांत कुणाच्या तरी सांगण्यावरून स्ट्रॅटेजी (डावपेचांचा), सोल्स (कठीण शत्रूंशी पुन्हा पुन्हा झुंजायला लावणारा), कार्डांचा नाहीतर शेतीचा गेम उघडतात. आणि देवगड-मालवणकडे हमखास एक वाक्य ऐकू येतं: "दादानू, ह्यो गेम माका जमूचो नाय."

हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. खेळणारा नव्या गेमकडे जुन्याच गेमची मजा मागत असतो आणि ती मिळाली नाही की कंटाळतो. प्रत्येक प्रकार तुमच्याकडून वेगळी गोष्ट मागतो. शूटरला, म्हणजे गोळीबाराच्या गेमला, चपळ बोटं हवीत, स्ट्रॅटेजीला पुढची दहा मिनिटं डोक्यात हवीत, कोड्याच्या गेमला वही-पेन हवं. समोरचा गेम काय मागतोय हे ओळखलं की निम्मी अडचण तिथेच सुटते.

जुन्या सवयीनं नवा गेम खेळणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून उदाहरण नीट घेऊ. १९९९ मध्ये आलेला एज ऑफ एम्पायर्स २ आजही खेळला जातो, २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्तीही आली. शूटर खेळणारा मुलगा तो उघडतो आणि पहिल्या मिनिटापासून सैनिक शोधू लागतो. पण साध्या सामन्यात सुरुवातीला तुमच्याकडे असतात तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि एक टाउन सेंटर. गाठीला २०० अन्न, २०० लाकूड. एका गावकऱ्याला ५० अन्न लागतं आणि टाउन सेंटरमध्ये माणसं मावतात फक्त पाच. म्हणजे एक गावकरी तयार झाला की जागा संपली. २५ लाकडात बांधता येणारं घर वेळेवर उभं केलं नाही तर गावकरी तयार होणं थांबतं. नवशिक्याचा डाव इथे, पहिल्या दोन मिनिटांतच हरलेला असतो. त्याला ते कळतं वीस मिनिटांनी, शत्रूचं सैन्य दारात आल्यावर. मग तो म्हणतो, माझे सैनिक कमी पडले.

उपाय सोपा आहे. पहिले काही डाव लढाई विसरा. टाउन सेंटर रिकामं बसू द्यायचं नाही आणि घर आधीच बांधून ठेवायचं, एवढे दोनच नियम पाळा. कीबोर्डवर 'एच' दाबला की टाउन सेंटर निवडलं जातं, पूर्णविरामाची कळ दाबली की रिकामा उभा असलेला गावकरी सापडतो. नव्या आवृत्तीत 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे छोटे सराव-डाव आहेत. ते वगळून थेट सामन्यात उडी घेऊ नका. सरावाचा भाग वगळणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि स्ट्रॅटेजीच्या गेममध्ये ती सगळ्यात महाग पडते.

एवढा पसारा नको असेल तर आधी 'इनटू द ब्रीच' खेळा. २०१८ चा गेम, आठ बाय आठचा पट, आणि शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार हे आधीच दिसतं. घाई शून्य. लढाईत एकदा आपली पूर्ण चाल मागे घेण्याचीही मुभा आहे. मागे-पुढे विचार करायची गोडी लावायला याहून चांगला गेम मला माहीत नाही.

मेलो म्हणजे हरलो असं समजणं

रोगलाइक, म्हणजे मेल्यावर डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होणाऱ्या गेममध्ये मरणं हा खेळाचाच भाग आहे. २०२० च्या हेडिसमध्ये मेल्यावर तुम्ही घरी परतता आणि घरच्या माणसांचे पुढचे संवाद तेव्हाच उघडतात. न मरता खेळलात तर निम्मी गोष्ट कळणार नाही. तरी फार त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये 'गॉड मोड' आहे. त्यात लागणारा मार सुरुवातीला २० टक्के कमी होतो, आणि दर मरणाला आणखी २ टक्के, अगदी ८० टक्क्यांपर्यंत. हा मोड वापरण्यात काहीही कमीपणा नाही. सेलेस्ट या २०१८ च्या उड्यांच्या गेममध्येही 'असिस्ट मोड' आहे, त्यात खेळाचा वेग निम्म्यापर्यंत आणता येतो. गेम बनवणाऱ्यांनीच ही सोय ठेवली आहे, आपल्यासारख्या नव्यानं आलेल्यांसाठी. ती नाकारून गेम सोडून देणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

कार्डांच्या स्ले द स्पायरमधली चूक याहून बारीक आहे. दर लढाईनंतर तीन कार्डं समोर येतात आणि नवा खेळाडू प्रत्येक वेळी एक उचलतो, फुकट मिळतंय म्हणून. पहिल्या पात्राच्या गठ्ठ्यात सुरुवातीला दहा कार्डं असतात, दर चालीला त्यातली पाच हाती येतात. गठ्ठा तीस कार्डांचा झाला की हवं ते कार्ड वेळेवर हाती येणारच नाही. कार्ड न घेता पुढे जाण्याचं बटण तिथेच असतं, ते वापरा. आणि शत्रूच्या डोक्यावरचं चिन्ह वाचल्याशिवाय चाल खेळू नका, तो या चालीत मारणार की बचाव करणार हे ते सांगतं.

एकाच भिंतीवर डोकं आपटणं

एल्डन रिंग या सोल्स प्रकारच्या गेममध्ये बाहेर पडल्या पडल्या सोनेरी घोडेस्वार दिसतो. शूटर आणि जीटीएच्या सवयीनं वाटतं, पहिला शत्रू आहे म्हणजे मारायलाच ठेवलाय. नाही. त्याला वळसा घालून जायचं. पुढे किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा मोठा शत्रू अडवतो, तिथे तासन् तास मरत बसणारेही पुष्कळ. त्याला सोडा, नकाशावर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे, तिकडे फिरून या, व्हिगर (जीवशक्ती) वाढवा, हत्यार सुधारा, मग परत या. रस्ता बदलणं हेच इथलं कौशल्य आहे.

अजून एक गोष्ट, जी गेम नीट सांगत नाही: अंगावरचं वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की तुमची कोलांटी जड होते आणि वार चुकवता येत नाही. दिसायला भारी चिलखत घातलं आणि मग 'कंट्रोल्स खराब आहेत' म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

मळमळतं म्हणून कायमचं सोडणं

फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा गेम सुरू केला की वीस मिनिटांत डोकं गरगरतं, मळमळतं, असं सांगणारे खूप भेटतात. त्यातले बरेच जण लाजेनं कुणाला सांगत नाहीत. आंबा घाटात किंवा करूळ घाटात एसटीत मोबाइल वाचत बसलं की गाडी लागते ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त उलटा. घाटात कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला हालचाल जाणवते पण डोळे स्थिर मोबाइलवर असतात. गेममध्ये डोळ्यांना धावणं दिसतं आणि शरीर खुर्चीत गप्प बसलेलं. मेंदूला दोन्हीकडून वेगळी बातमी मिळते.

यावर करण्यासारखं बरंच आहे. सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन, वाढवा. बऱ्याच गेममध्ये तो अरुंद ठेवलेला असतो, ९०-१०० च्या आसपास नेला की पुष्कळांना आराम पडतो. मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट होणं), कॅमेरा शेक आणि चालताना डोकं हलणारा हेड बॉब, हे तिन्ही बंद करा. माउसची सेन्सिटिव्हिटी कमी करा. गेम अडखळत चालत असेल तर ग्राफिक्सचा दर्जा कमी करा, कारण अडखळणाऱ्या चित्रानं त्रास वाढतो. स्क्रीनपासून जरा लांब बसा, खोलीत दिवा चालू ठेवा. आणि पहिली मळमळ जाणवताच थांबा. रेटून खेळलात तर तो त्रास पुढे तासभर पुरतो आणि मग त्या गेमचं नाव काढलं तरी नको वाटतं. रोज थोडं थोडं खेळून बऱ्याच जणांना सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी पात्र पाठीमागून दिसणारे गेम निवडावेत, तिथे हा त्रास सहसा कमी असतो.

उत्तर यूट्यूबवर बघणं

शोधकथेच्या गेमचं एक दुःख आहे, तो आयुष्यात एकदाच खेळता येतो. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हा २०१८ चा लुकस पोप यांचा गेम किनाऱ्यावरच्या माणसानं खेळावाच असा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता जहाज रिकामं परत आलंय. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं, कोण कसं मेलं, हे विमा तपासनीस म्हणून तुम्ही शोधायचं. तीन जणांची नावं आणि नशीब बरोबर लिहिलं की मगच गेम ते मान्य करतो, त्यामुळे अंदाज ठोकत बसणं चालत नाही. कपडे, बोली, कोण कुठल्या बिछान्यात झोपतो, सगळं बघावं लागतं. अडलात तर दुसऱ्या माणसाकडे वळा, उत्तराचा व्हिडिओ लावू नका. हा गेम घरात चौघं मिळून खेळा. बोटीवर काम केलेला काका शेजारी बसला तर त्याला जहाजावरची कामं आणि हुद्दे आपल्यापेक्षा पटकन ओळखू येतील.

शेतीचा गेम शर्यतीसारखा खेळणं

स्टारड्यू व्हॅलीत एक ऋतू २८ दिवसांचा, आणि एक दिवस खऱ्या घड्याळात जेमतेम चौदा मिनिटांचा. घाईनं पहिल्याच दिवशी सगळी जमीन खणायला घेतली की ताकद संपते. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक वाळून जातं, म्हणून बियाणं घेताना किती दिवसांत तयार होईल ते वाचा. भातशेती बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मासेमारीच्या घरातली मुलं मात्र गळ पाहून आधी तिकडे धावतात आणि मासा पकडताना त्याच्यावर धरून ठेवायचा हिरवा पट्टा काही केल्या टिकत नाही. विलीच्या दुकानात २५ नाण्यांची ट्रेनिंग रॉड मिळते. तिच्यावर साधेच मासे लागतात, पण पट्टा मोठा असतो. हात बसेपर्यंत ती वापरा.

लाईट आणि सेव्ह

हे कोकणात विसरून चालणार नाही. कॉम्प्युटरवर स्टारड्यू व्हॅली फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह होतो, दुपारी लाईट गेली की तो दिवस पुन्हा. स्ले द स्पायर दर खोलीच्या सुरुवातीला सेव्ह होतो, त्यामुळे फार तर एक लढाई जाते. नवा गेम घेतला की सेव्ह कधी होतो हे पहिल्याच दिवशी शोधा. पीसीला यूपीएस नसेल तर पावसाळ्यात लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर खेळा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम रेंज असतानाच अपडेट करून, एकदा उघडून, मग ऑफलाइन मोड लावा.

न बघता विकत घेणं, न बघता उतरवणं

बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर तो उतरवायला अडीच महिने जातील. नवा प्रकार चाखायला छोटे गेम घ्या, स्ले द स्पायर आणि स्टारड्यू व्हॅली तर मोबाइलवरही आहेत. कारखान्याच्या गेमची उत्सुकता असेल तर फॅक्टोरिओचा फुकट डेमो आहे. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. पण गेम मेन्यूवर उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही मोजला जातो.

भाषेचाही विचार करा. डिस्को एलिझियमसारखा गेम जवळजवळ सगळा इंग्रजी वाचण्याचा आहे, तोही अवघड इंग्रजी. तिथे कंटाळा आला तर तुम्हाला आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) आवडत नाहीत असं ठरवू नका. मॉन्युमेंट व्हॅली, लिम्बो, इनसाइड, ग्रिस यांत वाचायला जवळजवळ काही नाही आणि गोष्ट पूर्ण पोचते.

कंट्रोलर हिसकावून घेणं

ही चूक शिकवणाऱ्याची. मुंबईचा दादा दोन मिनिटं बघतो आणि "थांब, दे, मी दाखवतो" म्हणत कंट्रोलर घेतो. मग धाकटी भावंडं प्रेक्षक. शिकवायचंच असेल तर इट टेक्स टू लावा. २०२१ चा हा गेम दोघांशिवाय चालतच नाही, शेजारी बसून एकाच प्रतीत खेळता येतो. कुठे उड्या, कुठे नेमबाजी, कुठे कोडं, दर थोड्या वेळानं खेळाचा प्रकार बदलतो. भावाला किंवा बहिणीला काय आवडतंय ते तिथे आपोआप कळतं, आणि पुढचा गेम त्यावरून निवडता येतो.

इतकं करूनही एखादा गेम पटला नाही तर प्रकार सोडण्याआधी त्याच प्रकारातला दुसरा गेम बघा. स्ले द स्पायर कोरडा वाटला तर पोकरच्या हातांवर चालणारा २०२४ चा बलाट्रो घ्या. एल्डन रिंग झेपला नाही तर २०२४ चाच अनदर क्रॅब्ज ट्रेझर आहे. त्यात तुम्ही समुद्रतळावरचा खेकडा असता, हाती लागेल ती वस्तू शंख म्हणून पाठीवर घेता आणि तीच ढाल होते. सोपं करण्याच्या सेटिंगमध्ये तर त्या खेकड्याच्या हाती चक्क बंदूक देण्याची सोय आहे.